गाडीच्या एसीचा गॅस जातो कुठे? : वाचकांचे प्रश्न

मार्च उलटला की या सदराकडे गाडीच्या एसीविषयीची पत्रे वाढू लागतात. यंदाच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: गॅस भरला, थोडे दिवस गारवा मिळाला आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. म्हणून या वेळचे सदर गॅसगळतीपुरतेच ठेवले आहे.

प्रश्न : माझी सात वर्षांची हॅचबॅक आहे. गेली काही वर्षे दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरून घ्यावा लागतो. आमचे मेकॅनिक म्हणतात, "साहेब, पेट्रोलसारखंच आहे, वापरला की संपतो." हे बरोबर आहे का? (एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर : बरोबर नाही. पेट्रोल जळते, म्हणून संपते. एसीतील गॅस जळत नाही की झिजत नाही. तो बंद नळ्यांच्या एकाच फेऱ्यात फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागील कंडेन्सरमध्ये तो उष्णता टाकून द्रव होतो, ओल शोषणाऱ्या ड्रायरमधून, दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हपर्यंत येतो आणि डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायू होताना गाडीतील उष्णता शोषून घेतो. गॅस कमी झाला याचा अर्थ तो कुठून तरी बाहेर गेला. रबरी होजच्या भिंतींतून आणि सांध्यांतून वर्षाकाठी काही ग्रॅम गॅस निसटतो हे खरे, पण त्यामुळे थंडावा कमी जाणवायला अनेक वर्षे लागतात. दर उन्हाळ्याला गॅस भरावा लागत असेल, तर गळती आहे आणि ती शोधता येते.

मेकॅनिककडे गेल्यावर एक गोष्ट आवर्जून पाहावी. बंद गाडीला गेज लावून, "दाब आहे, म्हणजे गॅस आहे," असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. तो फसवा आहे. आपल्याकडील बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. यंत्रणेत त्याचा थोडासा द्रव जरी शिल्लक असला, तरी बंद स्थितीतील दाब फक्त तापमानावर ठरतो, गॅस किती आहे यावर नाही. ३० अंश सेल्सिअसला तो साधारण ९५ ते १०० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दिसेल, मग आत साडेचारशे ग्रॅम असोत की दोनशे. किती गॅस उरला होता हे कळण्याचा खरा मार्ग एकच: तो यंत्राने पूर्ण काढून घ्यायचा आणि वजन करायचा. बॉनेटच्या आत लावलेल्या लेबलवर आपल्या गाडीत किती ग्रॅम गॅस बसतो ते छापलेले असते. लहान गाड्यांत हा आकडा बहुधा ४०० ते ६०० ग्रॅमच्या आसपास असतो. किती निघाला आणि किती भरला हे दोन्ही आकडे बिलावर लिहून मागावेत. आपल्याकडील बिलांवर "एसी गॅस : १ नग" एवढेच असते, आणि त्यावरून पुढच्या वर्षी कोणालाच काही कळत नाही. दोन वर्षांचे आकडे हाती असतील, तर गळतीचा वेग तिथेच कळतो: वर्षात पन्नास ग्रॅम गेले तर शोध बारकाईने घ्यावा लागेल, महिन्यात दोनशे गेले तर ती डोळ्यांनीही सापडेल.

कमी गॅसवर एसी चालवत राहणे कॉम्प्रेसरला घातक ठरते, कारण कॉम्प्रेसरचे तेल गॅसबरोबरच फिरते. गॅस कमी झाला की तेल कॉम्प्रेसरकडे नीट परतत नाही. गळती दुर्लक्षित राहिल्याने कॉम्प्रेसर जाम झाला, तर खर्च गॅसच्या कितीतरी पट होतो.

प्रश्न : गॅरेजमध्ये पंपाने आतली हवा ओढून अर्धा तास व्हॅक्यूम मारला. काटा हलला नाही, म्हणून "लीकेज नाही" असे सांगून गॅस भरून दिला. पंधरा दिवसांत थंडावा गेला. व्हॅक्यूम टिकला असताना गळती कशी असू शकते? आणि गळती शोधण्याची खात्रीची पद्धत कोणती? (एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : असू शकते, आणि असे वारंवार होते. व्हॅक्यूममध्ये यंत्रणेच्या बाहेर फक्त वातावरणाचा दाब असतो, म्हणजे जेमतेम १४ पीएसआय, आणि तोही बाहेरून आत लागतो. एसी चालू असताना कंडेन्सरच्या बाजूला आतून बाहेर दीडशे ते अडीचशे पीएसआय दाब असतो. कॉम्प्रेसरच्या शाफ्टचे सील किंवा एखादी कडक झालेली ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) बाहेरच्या हलक्या दाबाने उलट जागेवर घट्ट बसते आणि आतून जोर लागला की फट उघडते. व्हॅक्यूम मारण्याचा मुख्य हेतू आतली हवा आणि ओल काढणे हा आहे. काटा परत आला तर गळती (किंवा आत राहिलेली ओल) नक्की, पण काटा स्थिर राहिला म्हणून गळती नाही असे म्हणता येत नाही.

याच गेजविषयी कोल्हापूरपुरती एक नोंद करून ठेवतो. पुस्तकांत व्हॅक्यूम पाऱ्याच्या २९.९ इंचांपर्यंत न्यावा असे दिलेले असते, तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे आणि इथे हवेचा दाबच सुमारे २८ इंच पाऱ्याइतका असतो. साध्या गेजवर २८ च्या आसपास काटा थांबला, तर पंप बिघडला आहे असे समजू नये. उलट इथे काटा २९.९ दाखवत असेल, तर गेज शून्यावर नीट आणून घ्यावे.

आता शोधण्याच्या पद्धतींविषयी. एकच पद्धत सगळीकडे चालत नाही, म्हणून चांगला मेकॅनिक साध्या गोष्टीपासून सुरुवात करून पुढे जातो. पहिले साधन डोळे. गॅस निसटतो तिथून त्याच्याबरोबर थोडे तेलही बाहेर येते आणि त्यावर धूळ चिकटते. पाइपांचे सांधे, होजच्या दाबलेल्या टोकांच्या कडा, कॉम्प्रेसरचा पुढचा भाग, कंडेन्सरचे कोपरे इथे काळपट, ओलसर डाग दिसला, तर निम्मे काम झाले. त्यानंतर गॅस भरण्याच्या दोन तोंडांची टोपणे काढून आतल्या पिन व्हॉल्व्हवर साबणाच्या पाण्याचा एक थेंब ठेवावा. बुडबुडा फुगत असेल, तर दोष तिथेच आहे. पिन अगदी स्वस्तात बदलून होते. मात्र गॅस दाबाखाली असताना पिन फिरवायची तर त्यासाठीचे खास साधन लागते, नाही तर गॅस उसळून हाताला लागतो. वातावरणाच्या दाबाला हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो, त्यामुळे द्रवाचा फवारा कातडी गोठवतो आणि डोळ्यात गेला तर इजा गंभीर होते. कित्येक गाड्यांत ही टोपणे हरवलेली असतात आणि कोणी ती पुन्हा बसवत नाही, वास्तविक तेच तोंडाचे पक्के बूच असते.

इथवर काही सापडले नाही, तर नायट्रोजनची चाचणी. यंत्रणा रिकामी करून रेग्युलेटरमार्गे कोरडा नायट्रोजन साधारण १५० पीएसआयपर्यंत भरतात आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा दाट फेस ब्रशने लावतात. हे दोन मिनिटांत उरकण्याचे काम नाही. बारीक गळतीचा बुडबुडा फुटत नाही, फक्त मोहरीच्या दाण्याएवढा पांढरा फेस हळूहळू साठत जातो आणि तो पाहायला बॅटरी धरून खाली वाकावे लागते. गाडी रात्रभर नायट्रोजनवर ठेवायची असेल, तर संध्याकाळचे आणि सकाळचे तापमानही लिहून ठेवावे. तापमान ३० वरून २० अंशांवर आले, तर गळती नसतानाही १५० पीएसआयचा दाब सुमारे पाच पीएसआयने उतरतो. हे ध्यानात न घेतल्याने धडधाकट कूलिंग कॉइल बदलण्याची वेळ येऊ शकते.

मंद गळतीसाठी चमकणारा रंग उपयोगी पडतो. तो थोड्या मात्रेत तेलात मिसळतात, गाडी काही दिवस एसी लावून नेहमीसारखी चालवतात आणि मग अंधारात पिवळा चष्मा लावून अतिनील दिव्याच्या प्रकाशात पाहतात. गळतीच्या जागी पोपटी चमक दिसते. रंग जास्त घातल्याने लवकर दिसत नाही, तेल मात्र बिघडते. पावसाळ्यात आपल्याकडे बाहेरचा रंग धुऊन जातो, तेव्हा ही चाचणी जूनपूर्वी केलेली बरी.

चौथे साधन इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर. हे यंत्र चांगले असले, तर वर्षाला काही ग्रॅम निसटणारी गळतीही पकडते, पण ते चालवणाऱ्याला धीर हवा. इंजिन बंद, गाडी वाऱ्यापासून आडोशाला, यंत्रणेत किमान ५० पीएसआय दाब, आणि टोक सांध्याच्या खालच्या बाजूने अगदी जवळून, सावकाश फिरवायचे, कारण हा वायू हवेपेक्षा साडेतीनपट जड आहे आणि खाली उतरतो. सांधा नुकताच पेट्रोलने किंवा क्लिनरने पुसला असेल, तर यंत्र त्यालाही ओरडते. एकदा आवाज आला म्हणून जागा ठरवू नये. तिथे हवा मारून जागा मोकळी करावी आणि पुन्हा तपासावे. तीच जागा दुसऱ्यांदा ओरडली, तर धरावी.

आपल्या गाडीत पंधरा दिवसांत थंडावा गेला, म्हणजे गळती मोठी आहे. मला वाटते, नायट्रोजन आणि साबण एवढ्यावरच ती सापडेल.

प्रश्न : पुणे-बंगळूर महामार्गावर माझे रोजचे जाणे-येणे असते. खडा उडून कंडेन्सरला बारीक भोक पडले आहे. उद्यमनगरात एक कारागीर आर्गन वेल्डिंग करून देतो म्हणतो, दुसरा एम-सील लावू म्हणतो. नवीन कंडेन्सर घेणे आवश्यक आहे का? (एक वाचक, कागल)

उत्तर : एम-सीलचा विचार सोडून द्या. मेच्या उन्हात वाहतुकीत अडकलेल्या गाडीच्या कंडेन्सरमध्ये दाब आणि उष्णता दोन्ही चढतात, त्यात इंजिनाची थरथर असते. चिकटवलेला थर तिथे टिकत नाही. उद्यमनगरात काय करून मिळत नाही, हा आपला अभिमान रास्तच आहे, आणि ॲल्युमिनियमचा जाड पाइप किंवा त्याचा तुटलेला कान आर्गनवर उत्तम सांधून मिळतो. कंडेन्सरच्या चपट्या नळ्यांची भिंत मात्र फार पातळ असते आणि आत बारीक बारीक कप्पे असतात. वेल्डिंगची उष्णता शेजारच्या नळीला नवे भोक पाडते किंवा कप्पे बुजवते. नवीन कंडेन्सर घ्यावा.

तो बदलताना तीन गोष्टी पाहाव्यात. बऱ्याच गाड्यांत ड्रायर कंडेन्सरच्याच कडेला असतो. वेगळा असेल, तर तोही बदलावा, कारण यंत्रणा उघडी राहिली की त्यातील ओल शोषणारे दाणे हवेतील ओलीने भरून जातात. मग ती ओल गॅस आणि तेलाशी मिळून आम्ल तयार करते आणि पुढची गळती आतून सुरू होते. सांध्यांच्या ओ-रिंग नवीन, आर-१३४एला चालणाऱ्या आणि कॉम्प्रेसरच्याच तेलाचे बोट लावून बसवलेल्या हव्यात. नट आवळताना दोन पाने लावावेत, म्हणजे ॲल्युमिनियमचा पाइप पिळला जात नाही. आणि जुन्या कंडेन्सरबरोबर जे तेल गेले तेवढेच, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने, नवीन घालावे.

ऊसवाहतुकीच्या दिवसांत आणि रस्त्याची कामे चालू असताना पुढच्या ट्रॉलीपासून किंवा डंपरपासून अंतर ठेवणे हाच खरा बचाव. काही जण पुढे बारीक जाळी लावतात. ती मच्छरदाणीइतकी बारीक असेल, तर हवाच अडते आणि एसी व इंजिन दोन्ही तापतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्यांच्या गाड्या पंचगंगेच्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांनी कंडेन्सरच्या पात्यांत बसलेला गाळ अजून निघाला नसेल, तर कमी दाबाच्या पाण्याने धुऊन घ्यावा. ओला गाळ ॲल्युमिनियम खातो.

प्रश्न : ऑनलाइन एक डबा मिळतो. तो गॅसबरोबर आत सोडला की गळती आतूनच बुजते असे लिहिले आहे. वापरावा का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : नको. हवा किंवा ओल लागली की घट्ट होणारे हे द्रव्य गळतीच्या जागी जसे घट्ट होते, तसेच एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातही होऊ शकते. पुढे कोणी आपल्या गाडीचा गॅस यंत्राने काढायला गेला, तर त्याचे यंत्रही बिघडते. डबा आधीच वापरला असेल, तर मेकॅनिकला तसे सांगावे.

प्रश्न : सगळे तपासून झाले आणि आता कूलिंग कॉइल गेली असे सांगतात. पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल म्हणे. कॉइलच गेली आहे हे डॅशबोर्ड न उतरवता ठरवता येईल का? गाडी घरासमोरच्या झाडाखाली उभी असते. (एक वाचक, ताराबाई पार्क)

उत्तर : बऱ्याच अंशी ठरवता येते, आणि ते ठरल्याशिवाय डॅशबोर्डला हात लावू देऊ नये. एसी बंद ठेवून ब्लोअर पूर्ण वेगावर पंधरा-वीस सेकंद चालवायचा, मग इंजिन आणि ब्लोअर दोन्ही बंद करून काचा लावून दहा मिनिटे थांबायचे. कॉइलमधून निसटलेला गॅस तेवढ्या वेळात खालच्या पेटीत साचतो. नंतर डिटेक्टरचे टोक पाणी निथळणाऱ्या नळीच्या तोंडाशी (नळीत पाणी नाही याची खात्री करून) किंवा ब्लोअरचा रेझिस्टर (त्याचा वेग ठरवणारा विजेचा भाग) काढून त्या भोकातून आत धरायचे. रंग आधी घातला असेल, तर निथळणाऱ्या पाण्यावर दिवा मारून पाहावा. त्यात पोपटी झाक असेल, तर शंका उरत नाही. याउलट काहीच दिसले नाही, तर कॉम्प्रेसरला जोडणारे दोन्ही पाइप आणि इंजिनच्या बाजूने भिंतीतून आत जाणारा सांधा पुन्हा तपासावा. तिथला गॅसही ब्लोअर आत ओढतो आणि कॉइलवर विनाकारण आळ येतो.

झाडाचा उल्लेख आपण केलात ते बरे झाले. काचेखालच्या जाळीतून पाने, फुले, धूळ आत जातात आणि ज्या जुन्या गाड्यांत केबिन फिल्टर नसतो तिथे ती थेट ओल्या कॉइलवर बसतात. तिथे ती कुजतात आणि ॲल्युमिनियमला सुईच्या टोकाएवढी भोके पडतात. उंदराने तिथे बिऱ्हाड केले, तर आणखी लवकर. नवीन कॉइल बसवताना फिल्टरची जागा असूनही फिल्टर नसेल, तर तो बसवून घ्यावा, काचेखालची जाळी दर महिन्याला साफ करावी आणि निथळणारी नळी मोकळी आहे ना ते पाहावे. डॅशबोर्ड उतरलाच आहे, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि तिथल्या ओ-रिंगही त्याच वेळी बदलाव्यात. मजुरी दुसऱ्यांदा देण्यापेक्षा ते परवडते. कॉइलला डाग देऊन वापरण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रश्न : मी एसीचे काम शिकतो आहे. आमच्याकडे कधी कधी नायट्रोजन नसला, तर गॅस वेल्डिंगचा ऑक्सिजन किंवा टायरची हवा मारून लीकेज बघतात. जुने मिस्त्री ज्योतीचा दिवा वापरायचे असेही ऐकले. हे चालते का? (एक वाचक, शिवाजी उद्यमनगर)

उत्तर : ऑक्सिजन कधीही नाही, कोणाच्याही सांगण्यावरून नाही. आत कॉम्प्रेसरचे तेल असते आणि दाबाखालील ऑक्सिजन तेलाला भेटला की स्फोट होऊ शकतो. टायरची हवाही नको. एक तर ती ओली असते. दुसरे म्हणजे आर-१३४ए एरवी पेटत नसला, तरी भरपूर हवेत मिसळून दाबाखाली असला तर पेटू शकतो. नायट्रोजन नसेल, तर काम उद्यावर टाकावे. नायट्रोजनच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये शंभराहून जास्त बार, म्हणजे चौदाशे पीएसआयहून अधिक दाब असतो, म्हणून रेग्युलेटरशिवाय तोही जोडू नये.

ज्योतीचा दिवा जुन्या आर-१२ च्या काळातला. त्या गॅसमध्ये क्लोरीन असे आणि क्लोरीनमुळे तांब्याच्या तापलेल्या पत्रीवरची ज्योत हिरवी होई. आर-१३४एमध्ये क्लोरीन नाही, तेव्हा तो दिवा काहीच दाखवणार नाही. उलट ज्योतीत हा गॅस विघटित होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू तयार होतात. गळती शोधताना त्याच जागी बिडी-सिगारेट ओढू नये, याचेही कारण हेच.

आणखी एक. उरलेला गॅस पिन दाबून हवेत सोडून देण्याची सवय आताच लावून घेऊ नका. हा गॅस वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे चौदाशेपट पृथ्वी तापवतो, म्हणजे साडेचारशे ग्रॅम सोडले, तर सव्वासहाशे-साडेसहाशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. काढून घेण्याचे यंत्र आपल्या गॅरेजमध्ये नसेल, तर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे गाडी आधी पाठवावी.

प्रश्न : नवीन गाड्यांत वेगळा गॅस येतो असे वाचले. जुन्या गाडीची गळती काढून झाल्यावर तोच नवीन गॅस भरून घ्यावा का? (एक वाचक, जयसिंगपूर)

उत्तर : आपण आर-१२३४वायएफविषयी विचारत आहात. युरोपीय संघात २०१७ पासून सर्व नवीन मोटारींत १५० पेक्षा जास्त तापमानवाढ-क्षमतेचा (कार्बन डायऑक्साइडची क्षमता १ धरून) गॅस चालत नाही, त्यामुळे तिथे हा गॅस रूढ झाला. आपल्याकडे काही आयात गाड्यांत तो आढळतो. भारताने २०१६ च्या किगाली दुरुस्तीला (असे वायू कमी करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला) २०२१ मध्ये मान्यता दिली असून आर-१३४एच्या गटातील वायूंची कपात इथे २०३२ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांवर जायची आहे. तेव्हा आपल्या गाडीचा गॅस उद्या बाजारातून नाहीसा होणार नाही. लेबलवर जो गॅस लिहिला आहे तोच, तेवढ्याच वजनाने भरावा. नवीन गॅस महाग आहे, तो सौम्य ज्वलनशील आहे, आणि दोन्ही मिसळले, तर ते मिश्रण कोणतेही यंत्र परत घेत नाही. चूक होऊ नये म्हणून दोन्हींच्या भरण्याच्या तोंडांची मापेही वेगळी ठेवली आहेत. कोणी मधला जोड लावून भरून देतो म्हणाला, तर गाडी तशीच परत आणावी.